मागे घेता येतं ना?

"मानवाची प्रत्येक थोर संस्कृती पाण्याच्या काठी जन्माला आली आहे," असं जावयानं जाहीर केलं आणि 'पाण्याच्या' या शब्दावर जो हात हवेत फिरवला, त्याच हातानं टेबलावरचा जग उपडा केला.

संस्कृती टेबलाच्या कडेवरून थेट त्याच्याच मांडीत ओघळली.

"जावईबापू, पाय वर घ्या," सासूबाई फडकं घेऊन धावल्या. "आणि आधी तो लॅपटॉप उचला. त्याला पोहता येत असेल असं काही वाटत नाही."

"आई, तू बस गं. पुसते मी," लेक म्हणाली. "तुझ्यासाठी तर चाललंय हे सगळं."

"माझ्यासाठी कशाला? सगळ्यांना आवडेल ते करा."

"झालं हिचं सुरू."

विषय साधा होता. चार दिवसांसाठी एक घरगाडी भाड्यानं घ्यायची आणि पाण्याकाठच्या एखाद्या तळावर जाऊन राहायचं. घरगाडी म्हणजे पोटात बिछाने, शेगडी, मोरी आणि नवराबायकोला भांडायला जेमतेम पुरेल एवढी जागा असलेली लांबलचक गाडी. असल्या गाड्यांसाठी आखलेले तळ असतात. तिथं प्रत्येक गाडीला आपली जागा, आपला नळ, आपला दिव्याचा खांब. गाडी लावायची आणि खुर्ची टाकून बसायचं. या घरात आजवर कुणी खुर्ची टाकून बसायला एवढ्या लांब गेलं नव्हतं. पण घरात एक जन्मभर बस चालवलेला माणूस रिकामा बसलेला असताना एवढी मोठी गाडी कोण चालवणार हा प्रश्नच नव्हता, आणि जिथं प्रश्न नसतो तिथं जावयाचा उत्साह फार असतो. जावई एका कचेरीत नियोजन करत असे. कशाचं, ते विचारायचा धीर अजून कुणाला झाला नव्हता.

बस चालवलेला माणूस टेबलाच्या टोकाला चहा फुंकत बसला होता. डेपोत त्यांना 'नाकासमोर' म्हणत. चालताना, जेवताना, बोलताना, ते कधी डावीउजवीकडे बघत नसत म्हणून हे नाव पडलं आणि ते इतकं मुरलं की नवे लोक ते आडनाव समजून त्याच्यामागे 'साहेब' लावत. आपणही त्यांना नाकासमोरच म्हणू. त्यांना राग येत नाही.

ही सगळी टूम निघाली ती त्यांच्या बायकोच्या एका वाक्यावरून. लेकीनं सहज विचारलं होतं, आई, बाबा निवृत्त झाले, आता तुला काय हवंय? बाईंनी थोडा विचार केला आणि चहात अर्धा चमचा साखर जास्त मागावी तसं सांगितलं, "एकदा सकाळी डोळे उघडले की समोर पाणी दिसावं. उठायचं नाही. नुसतं पडून बघायचं."

यात मागण्यासारखं काय आहे हे कळायला त्यांची झोपायची खोली बघायला हवी. खोलीची एकुलती एक खिडकी डेपोच्या मागच्या भिंतीवर उघडायची. त्या भिंतीवर पुरुषभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं होतं: येथे थांबू नये. लग्न होऊन आल्यापासून बाई रोज सकाळी डोळे उघडल्याबरोबर हे वाक्य वाचत आल्या होत्या, आणि थांबल्या होत्या.

"तर बाबा, हे बघा," जावयानं लॅपटॉप कोरड्या बाजूला सरकवला. "गाडीतला मोठा बिछाना असतो अगदी मागे. आणि मागच्या भिंतीला ही एवढी खिडकी. म्हणजे आपण काय करायचं? गाडी मागे घेत घेत पाण्याकडे न्यायची. गाडीची पाठ पाण्याला लावायची. सकाळी आईंनी पडदा सारला की संपलं! तुम्हाला काय, डाव्या हातचा मळ."

नाकासमोरांना जोराचा ठसका लागला. चहा नाकातून आला. नातीनं पाठ थोपटली.

"आजोबा, वर बघा. छतावर चिमणी."

नाकासमोरांनी वर बघितलं. छतावर चिमणी नव्हती. पण पुढचं सगळं संकट त्यांना स्वच्छ दिसलं.

गोष्ट अशी होती की नाकासमोरांना गाडी मागे घेता येत नव्हती.

म्हणजे, येत होती. पण एकट्याला नाही. डेपोच्या नियमात लाल अक्षरांत होतं की कंडक्टर मागे उभा असल्याखेरीज ड्रायव्हरनं गाडी इंचभरही मागे घेऊ नये. असले नियम भिंतीवर शोभेला असतात हे प्रत्येक ड्रायव्हर पहिल्या आठवड्यात शिकतो. नाकासमोर शिकले नाहीत. त्यांचा कंडक्टर एकच, पहिल्यापासून शेवटपर्यंत. हा जोडीदार गाडीच्या मागच्या कोपऱ्याशी उभा राहायचा आणि तळहातानं पत्र्यावर थाप द्यायचा. दोन थापा म्हणजे ये. एक म्हणजे थांब. त्या थापांवर नाकासमोर डोळे मिटूनही गाडी मागे घेऊ शकत, आणि एकदोनदा घेतलीही. आरशावर त्यांचा विश्वास नव्हता. आरसा बाजूचं सांगतो. मागचं सांगायला माणूस लागतो, असं त्यांचं मत.

एकदा शेवटच्या थांब्यावर जोडीदार पोट बिघडून संडासात अडकला. भरलेली गाडी तशीच उभी. "अहो, मी बघतो मागे, घ्या तुम्ही," असं उतारू म्हणाले. एक निवृत्त फौजदारही म्हणाला. नाकासमोर स्टिअरिंगच्या चाकावर हात ठेवून समोर बघत बसून राहिले. जोडीदार परत आला, उतारूंच्या शिव्या खाल्ल्या आणि खिडकीशी येऊन म्हणाला, "अरे बाबा, उद्या मी मेलो तर काय असाच बसून राहशील?"

"हो," नाकासमोर म्हणाले.

दोघं एकदमच निवृत्त झाले, आणि पहिल्याच हिवाळ्यात जोडीदार गेला. झोपेत, कुणाला काही न कळवता. इशारे देण्यात ज्याचा जन्म गेला त्यानं जाताना एकही इशारा देऊ नये, याचा नाकासमोरांना राग आला होता. तो अजून उतरला नव्हता.

आता हे जावयाला कसं सांगायचं? सासऱ्याचं जावयापुढे फार काही चालत नाही. जे काही थोडं चालत होतं ते चार चाकांवर. नातीनं शाळेत 'माझे आजोबा' या निबंधात त्यांच्या बसला डोंगरावरून उडी मारायला लावली होती आणि वर्गशिक्षिकेनं पूर्ण गुण दिले होते. अशा माणसानं 'मला मागे घेता येत नाही' म्हणायचं म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्यानं बादलीत बुडायचं.

म्हणून नाकासमोरांनी तळ निवडण्यात रस घ्यायला सुरुवात केली.

"हा बघा समुद्र," जावई म्हणाला.

"वारा फार. गाडी हलेल."

"बरं. ही नदी?"

"नदीच हलते. झोप लागायची नाही."

"मग हे तळं. हे तर हलत नाही."

"तळ्याला वास येतो."

"बाबा, हा फोटो आहे. फोटोला वास येत नाही."

"म्हणूनच तर सांगतोय."

लेकीनं आईकडे बघितलं. आईनं कपातल्या चहाकडे बघितलं. नाकासमोर प्रत्येक तळाबद्दल शेवटी एकच प्रश्न विचारायचे: "आत शिरायचं कुठून आणि बाहेर पडायचं कुठून?" तो प्रश्न जावयाला इतका भावला की तो बायकोला म्हणाला, "याला म्हणतात अनुभव. आपण नजारा बघतो, बाबा सुटकेचा मार्ग बघतात." हे खरंच होतं. फक्त सुटका कुणाची, एवढंच त्याला ठाऊक नव्हतं.

असं करत करत त्यांनी एक जागा शोधून काढली. तळ चांगला होता, तळ्याकाठचा. पण तळाच्या मागच्या अंगाला दोन-तीन जागा अशा होत्या की एका बाजूनं गाडी घालायची आणि चार दिवसांनी तशीच दुसऱ्या बाजूनं बाहेर काढायची. नाकासमोर.

"पण ही कपडे धुवायच्या खोलीला चिकटून आहे," लेक म्हणाली. "इथून पाणी दिसतं तरी का?"

जावयानं नकाशा मोठा केला, तिरपा केला, स्वतः तिरपा झाला. "दिसतं. टाकीवर चढलं की दिसतं."

"सोय बघावी माणसानं," नाकासमोर म्हणाले. "चार दिवसांचे कपडे असतात."

सगळ्यांनी बाईंकडे बघितलं.

"चालेल," बाई म्हणाल्या. "पाणी आहे म्हणजे गारवा तर येईल."

बाईंच्या 'चालेल'वर हा संसार उभा होता. खिडकीतली भिंत, चालेल. लग्नानंतरची सहल ड्यूटीची पाळी बदलली म्हणून रद्द झाली, चालेल. नाकासमोरांना सणकून ताप आला असता तरी या शब्दानं जेवढा अंगावर काटा आला तेवढा आला नसता. पण जागा ठरली, नोंदवली, आणि ते सुटले. निदान तसं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते झोपायच्या खोलीत गेले, तर बाई पलंगावर उभ्या राहून खिडकीच्या काचेला काहीतरी चिकटवत होत्या. जावयानं छापून दिलेला तळ्याचा फोटो होता. बरोबर 'थांबू' या शब्दावर बसला होता.

"हे काय?"

"काही नाही. म्हटलं, पडून बघायचंच आहे ना. हेही दिसतंच की." त्या खाली उतरल्या, आडव्या झाल्या आणि उशी सारखी केली. "थोडा वर लागलाय. चालेल."

नाकासमोर बाहेरच्या खोलीत आले. थोडा वेळ ते फोनकडे बघत बसले. फोन समोरच होता, त्यामुळे बघायला अडचण नव्हती. मग त्यांनी तळावर फोन लावला. तळाची मालकीणच बोलली. आवाजावरून ती गाड्यांना न घाबरणारी आणि माणसांना त्याहूनही कमी घाबरणारी वाटत होती.

"आमच्या नावावर मागची जागा आहे. धुण्याच्या खोलीजवळची."

"हो. शांत आहे तिथं. धुणं चालू नसलं की."

"पाण्याकाठची एखादी मिळेल का?"

"एक आहे. अगदी काठाला, दोन झाडांच्या मध्ये. कुणी घेत नाही."

"का?"

"लोकांना जमत नाही. रस्ता अरुंद, वळून मागे घ्यावी लागते. मागे घेता येतं ना?"

"मी जन्मभर बस चालवलीये."

"ते कळलं हो. मागे घेता येतं ना?"

नाकासमोरांनी झोपायच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. "येतं," ते म्हणाले. एवढं छोटं खोटं ते आयुष्यात बोलले नव्हते, आणि एवढं मोठंही.

मग सराव सुरू झाला. गाडी नव्हती, म्हणून चहाची चाकांची गाडी घेऊन ते हॉलमध्ये पाठमोरे चालू लागले. दाढीचा आरसा खांद्यावर धरून पलंगापासून मोरीपर्यंत उलटे जायला लागले. एकदा बाजारातून ढकलगाडी मागे ओढत आणताना त्यांनी एका म्हाताऱ्याला बटाट्यांत बसवलं. घरी बायकोनं पकडलंच.

"अहो, काय चाललंय?"

"व्यायाम. गुडघ्यांचा. डॉक्टरांनी सांगितलाय."

"कुठल्या डॉक्टरांनी? गुरांच्या?"

"उलटं चाललं की रक्त फिरतं."

त्या रात्री जेवताना बाईंनी नवऱ्याला नातीचा वाढदिवस विचारला, मग स्वतःच्या लेकीचं नाव विचारलं, आणि दोन्ही बरोबर आल्यावर त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. नाकासमोरांना वाटलं, प्रेम.

जायचा दिवस उजाडला. भाड्याच्या दुकानातल्या माणसानं गाडी दाखवली. ही शेगडी, हा पाण्याचा नळ, हा मागचा बिछाना. आणि ही एक युक्ती: मागे घेताना काही आडवं आलं की यंत्र वाजतं. त्यानं वाजवून दाखवलं. मागे काहीच नव्हतं तरी वाजलं.

"गवत असलं तरी वाजतं," माणूस अभिमानानं म्हणाला.

"माझा कंडक्टर गवताला घाबरत नव्हता," नाकासमोर म्हणाले आणि आत चढून बसले.

पुढे जाताना मात्र नाकासमोर म्हणजे नाकासमोर. घाट असो, पूल असो, गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली. बायको शेजारी बसली होती. नात मागून दर वळणावर टाळ्या वाजवत होती. जावई खिडकीशी बसून बायकोला सांगत होता, "बघितलंस? एक धक्का नाही. मला तर गाडीपेक्षा बाबांचा विमा काढावासा वाटतो." लेक म्हणाली, "गप्प बसा हो, दृष्ट लागेल." नाकासमोरांचे हात चाकावर घामेजले होते. जसजसा तळ जवळ यायला लागला तसतशी ते गाडी हळू करायला लागले. शेवटी एका सायकलवाल्यानं त्यांना मागे टाकलं आणि वळून दयेनं पाहिलं.

पण अंतर हळू चाललं तरी संपतंच.

तळाच्या फाटकाशी मालकीण उभी होती. पायांत गुडघ्यापर्यंत बूट, हातात झाडू. "ती," तिनं झाडूनं दाखवलं. दोन जाड झाडं, मध्ये गाडीभर जागा, आणि जागेच्या मागे, अगदी हात धुवावेत इतकं जवळ, पाणी. दुपारच्या उन्हात ते नुसतं पडून राहिलं होतं.

लेक ओरडलीच. "बाबा! ही तर पाण्याकाठची! तुम्ही बदलली?"

बायकोनं नवऱ्याकडे बघितलं. मग पाण्याकडे. मग परत नवऱ्याकडे. तिनं 'चालेल' म्हटलं नाही, हे नाकासमोरांच्या लक्षात आलं.

असल्या तळावर एक करमणूक फुकट असते. कुणी नवी गाडी मागे घ्यायला लागलं की आधी आलेले लोक आपापल्या खुर्च्या त्या बाजूला वळवतात. तशा वळल्या. एका जाड्या गृहस्थानं चष्मा पुसला. एका बाईनं विणकाम मांडीवर ठेवलं.

जावई टुणकन खाली उतरला आणि गाडीच्या मागे जाऊन दोन्ही हात हलवायला लागला.

"या, या, या बाबा! डावीकडे! म्हणजे माझ्या डावीकडे! नाही, तुमच्या! थांबा! थांबा म्हणजे या, पण हळू!"

यंत्र केकाटायला लागलं. नाकासमोरांनी गाडी मागे सोडली, गाडी तिरकी झाली, मागून कसलासा पत्रा दुमडल्याचा आवाज आला.

"काही नाही, काही नाही!" जावई ओरडला. "कचऱ्याचा डबा होता! आता नाहीये!"

विणकामवाल्या बाईनं पाय वर घेतले.

नाकासमोरांनी गाडी पुढे घेऊन सरळ केली आणि थांबले. हात चाकावर. नजर समोर. उतारूंनी शिव्या दिल्या तेव्हा बसले होते तसे. फरक एवढाच की आता संडासातून कुणी परत येणार नव्हतं.

"काय झालं?" शेजारी बसलेल्या बायकोनं विचारलं.

"मला येत नाही."

"काय येत नाही?"

"मागे घ्यायला. एकट्याला येत नाही. कधीच आलं नाही." मग सगळंच बाहेर आलं. समुद्राचा वारा, नदीचं हलणं, तळ्याचा वास, चहाची गाडी, आरसा, बटाटे. "तो मागे थाप द्यायचा म्हणून येत होतं. तू म्हणालीस, पडून पाणी बघायचंय. मग मी धुण्याच्या खोलीजवळची घेतली. मग परत ही घेतली. आता इथपर्यंत आणलं आणि..." त्यांनी चाकावरचा हात उचलून परत ठेवला. "जावयाला सांग, मालकिणीला गाडी लावायला सांगा म्हणावं. मी जरा फिरून येतो."

बायको त्यांच्याकडे टक लावून बघत होती. तिचे डोळे भरून आले. नाकासमोर घाबरले.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच म्हणजे?"

"अहो, मला वाटलं तुमच्या डोक्यात काही बिघाड झालाय! उलटे चालताय, आरशात बघत मोरीत जाताय, फोटोला वास येतो म्हणताय! महिनाभर माझ्या घशाखाली घास नाही. मी मोठ्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवलीये, परत गेल्यावर तुमच्या मेंदूचा फोटो काढायचा म्हणून!" आणि ती हसायला लागली. डोळे पुसत, तोंडावर हात दाबत, गदागदा. "मागे घेता येत नाही! एवढंच! अहो, मेंदू शाबूत आहे ना? मग न येऊ दे मागे. आपण कुठे मागे जायचंय?"

नाकासमोरांना काय वाटलं ते सांगणं कठीण. पाठीवर पोतं आहे हे विसरून गेलेल्या माणसाच्या पाठीवरचं पोतं कुणी उचललं की तो आधी पुढे कोलमडतो, तसे ते चाकावर टेकले. भोंगा वाजला. सगळ्या खुर्च्या दचकल्या.

"बरं, तो काय करायचा?" बायकोनं विचारलं.

"कोण?"

"तुमचा जोडीदार. मागे उभा राहून काय करायचा?"

"मागच्या कोपऱ्याशी, बाजूला उभा राहायचा. तिथून चालत चालत पत्र्यावर थाप. दोनदा म्हणजे ये. एकदा म्हणजे थांब."

"बस? त्याला पगार द्यायचे याचा?" दार उघडून ती खाली उतरली. मागे जावई अजून दोन्ही हात दोन दिशांना हलवत होता. "जावईबापू, तुम्ही फार दमलात. तेवढ्या खुर्च्या मांडा बघू."

"पण आई, मार्गदर्शन..."

"मी देते उरलेलं."

नाकासमोरांनी यंत्र बंद केलं. काच खाली केली. कान मागे लावून बसले. काही ऐकू येईना.

"अगं, दे ना!"

"देतेय की!"

"जोरात दे! लेकराला निजवतेयस का?"

"पत्र्याला पोचा पडेल! भाड्याची गाडी आहे!"

"पडू दे!"

मग आली. धप्प, धप्प. जोडीदाराचा हात रुंद होता, त्याच्या थापेला घुमारा असायचा. ही थाप चपटी, घाईची, चादर झटकल्यासारखी. नाकासमोरांनी पाय सैल सोडला. गाडी सुटली. धप्प, धप्प. आरशात पहिलं झाड आलं आणि शहाण्यासारखं बाजूला सरकलं. धप्प, धप्प. त्यांना जाणवलं की आपण डोळे मिटलेत. त्यांनी ते उघडले, कारण तेवढी ओळख अजून या थापेशी झाली नव्हती. दुसरं झाड आलं, गेलं. चाकं मऊ जमिनीवर उतरली. एकदा थाप जरा उशिरा आली, तेव्हा त्यांचा पाय ब्रेककडे गेला. पण लगेच आली, आधीपेक्षा जोरात. धप्प, धप्प. धप्प, धप्प.

आणि मग एकच.

धप्प.

नाकासमोरांनी इंजिन बंद केलं. मागच्या मोठ्या खिडकीत, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, दुसरं काही नव्हतं. पाणी होतं.

जाड्या गृहस्थानं टाळी वाजवली. मग विणकामवाली, मग सगळेच. नात बिछान्यावर उड्या मारत ओरडली, "आजोबा, तळं आत आलं!" मालकीण झाडू टेकवून म्हणाली, "येतं की." जावयानं तर खुर्चीवरच उभं राहून सांगितलं की आज आपण जे पाहिलं ते वाहनकलेच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांनी लिहिलं जाईल, आणि डब्याचं तो बघून घेईल.

नाकासमोर कुणाकडे बघत नव्हते. इतक्या वर्षांत बायकोला जे म्हणायचं राहून गेलं होतं ते सगळं एकदम जिभेशी येऊन रांगेत उभं होतं, आणि पहिलं कुणी उतरायचं यावर ते अडलं होतं. तेवढ्यात ती खिडकीशी आली. चेहरा लाल, केस विस्कटलेले, तळहात गाडीच्या धुळीनं काळा.

"ऐक," नाकासमोर म्हणाले. "मला तुला एक सांगायचंय."

"सांगा हो सावकाश. चार दिवस आहोत." तिनं मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आधी गाडी एवढी फूटभर पुढे घ्या. माझी एक चप्पल चिखलात रुतली, ती चाकाखाली आहे."

"अगं, मग थांबवायचं नाहीस?"

"इतके छान येत होतात. म्हटलं, चपलेसाठी कुठे अडवू." तिनं एक पाय दुसऱ्या पायावर पुसला. "आता घ्या ना जरा पुढे."